डाव्या कानाला सांगितलेलं

अंबादास,

काल तुझ्या घरी गेलो आणि सवयीनं उजव्या बाजूला बसलो. तू भिंतीला टेकून बसायचास ती सतरंजी अजून तिथंच आहे. तिच्या उजव्या अंगाला, उंबऱ्याकडे पाठ करून बसलो. बसल्यावर लक्षात आलं की आता कुठल्याही बाजूला बसलं तरी चालतं. वहिनींनी पाहिलं. त्यांच्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू होती, पण विड्या वळत नव्हत्या. नुसती पानं कातरत होत्या. तुला जाऊन दहा दिवस झाले होते.

तुझ्याबद्दल लोक जे बोलले ते सगळं मी इथं लिहीत नाही. माणूस शांत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं सगळे म्हणाले. तू शांत नव्हतास. तू चेष्टेखोर होतास, हट्टी होतास, आणि एकदा धरलेला प्रश्न वर्षानुवर्षं सोडायचा नाहीस. मला एक गोष्ट तुला सांगायची होती. एकोणीस वर्षं सांगायची होती. एकदा सांगितलीही, पण ज्या बाजूनं सांगितली तिथून ती तुला कळली की नाही, हेच मला काल दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं पाठ आहे. पण मी ही हकीकत आजवर इतक्या जणांना इतक्या वेळा चुकीची सांगितली आहे की एकदा सरळ लिहून काढल्याशिवाय मलाच ती सरळ दिसायची नाही.

मी माळशिरसकडच्या गावातनं सोलापुरात आलो तेव्हा तिशीला आलो होतो आणि यंत्रमागाचं काहीच येत नव्हतं. पूर्व भागातल्या त्या कारखान्यात चोवीस माग होते. चोवीसही चालू झाले की माणसाला स्वतःचा खोकला ऐकू यायचा नाही. तुटलेला धागा कसा जोडायचा, आडवा धागा नेणारा धोटा अडकायच्या आधी मागाचा आवाज कसा बदलतो, हे तू मला शिकवलंस. आणखी एक शिकवलंस, ओठ वाचायला. मागावरची माणसं तोंडानं बोलतात पण कानानं ऐकत नाहीत, ओठांकडं बघतात. तुमच्यात सगळे तेलुगू बोलायचे, त्यामुळं मी तेलुगू शिकलो तीही आधी डोळ्यांनी. बाहेर चहाला आल्यावर त्या शब्दांना आवाज असतो हे कळायचं आणि गंमत वाटायची.

तू मला 'बावा' म्हणायचास. बावा म्हणजे मेहुणा, तुमच्यात दोस्तालाही प्रेमानं म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणालो, "मी काय बैरागी हाय व्हय?" त्यावर तू चहाचा कप खाली ठेवून हसला होतास. सहा वर्षं आपण शेजारशेजारच्या मागांवर होतो. डबा एकत्र खाल्ला. तुझ्या घरी जेवलो, तुझी पोर पद्मा माझ्या खांद्यावर बसून गल्लीभर फिरली.

आणि मग तो दिवस.

त्या आठवड्यात माझ्या मागावरचं कापड तीनदा खराब निघालं होतं. मालक सगळ्यांसमोर बोलला. त्यानंतर तू माझ्या मागावर येऊन, सगळे बघत असताना, तुटलेले धागे एकेक करून जोडून दिलेस. मला न सांगता, न विचारता. तू मदत केलीस. मला मात्र त्या मदतीचा राग आला, आणि तो राग मी दोन दिवस कुणाला दाखवला नाही. आमच्या घरात वडील एकच गोष्ट सांगायचे, लोक हसतील. जेवताना, जत्रेत, पाहुण्यांत, एकच धाक. चार माणसं कुठंही हसली की आम्ही भावंडं आपापले कपडे तपासायचो.

तिसऱ्या दिवशी तू आणि व्यंकटेश, तो माग दुरुस्त करणारा म्हातारा जॉबर, पलीकडच्या मागापाशी उभे होतात. व्यंकटेश माझ्याकडं बघून हसला. तूही बघितलंस, हसलास, आणि त्याला म्हणालास, "वानिकी चेप्पू." माग चालू होते. आवाज आला नाही, ओठ दिसले. माझा पाना हातातच होता.

पोलिसांना मी काय सांगितलं ते तुला ठाऊक आहे. त्यानं मला चप्पल दाखवीन असं म्हटलं, म्हणालो. तेलुगूत चेप्पू म्हणजे चप्पल. वानिकी म्हणजे त्याला. त्याला चप्पल. आमच्या भागात चपलेचं नाव काढलं की माणूस पेटतो, हे हवालदारालाही पटलं. माझ्या वकिलांना तर फारच आवडलं. कोर्टात त्यांनी मला विचारलं, "चेप्पूचा तुम्हाला माहीत असलेला अर्थ कोणता?" मी म्हणालो, चप्पल. "फक्त चप्पल?"

मी म्हणालो, "व्हय."

मग तुला उभं केलं. तुझ्या डोक्याची पट्टी निघाली होती, पण तू मान वाकडी करून उजवा कान पुढं करत होतास आणि सरकारी वकिलांना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागत होता. तू शांतपणे सांगितलंस की चेप्पूचा अर्थ चप्पल होतो, 'सांग' असाही होतो. म्हणालास, मी व्यंकटेशला म्हणत होतो की त्याला सांग. काय सांग? तर त्याची बनियन उलटी आहे.

कोर्टात कुणीतरी हसलं. सरकारी वकिलांनी पंचनामा काढला. जप्त केलेल्या मालाच्या यादीत माझी बनियन होती आणि पोलिसानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, पांढरी सुती बनियन, उलटी घातलेली, रक्ताचे डाग. माझ्या गळ्यापाशी लेबल लोंबत होतं, एवढ्यासाठी तुम्ही दोघं हसला होतात. त्या एका ओळीवर तुझा डावा कान गेला. कान गेला, आणि त्याच्यासोबत तोलही गेला. तू पुन्हा मागावर उभा राहू शकला नाहीस, टॉवेलच्या घड्या घालायच्या बसक्या कामावर गेलास.

सरकारी वकिलांनी तुला शेवटचा प्रश्न विचारला, की आरोपीला हा दुसरा अर्थ माहीत होता का? तू माझ्याकडं बघितलंस. मग म्हणालास, "ते त्यालाच विचारा."

मला वाटलं, किती कडू बोलला हा. किती डूख धरलाय. बघ, तेव्हाही मी तुझ्या तोंडात वाईटातला वाईट अर्थ घातला.

मला तीन वर्षांची सजा झाली. तुरुंगात दर बुधवारी एक बाई यायच्या, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. आधी आम्ही हसलो. बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला आणि त्यावर तीन रकाने आखायला सांगितले. पहिल्यात काय घडलं, तिसऱ्यात मी काय केलं. मधल्यात, त्या दोघांच्या मध्ये माझ्या डोक्यात काय आलं. माझ्या शेजारचा म्हणाला, "बाई, मधला मोकळा ठेवू का? माझ्या डोक्यात काय न्हवतंच." बाई म्हणाल्या, मोकळा कधीच नसतो. तुम्ही तिथं बघितलेलं नाही एवढंच.

त्या बाईंचं म्हणणं तुला मी शंभरदा सांगितलं आहे. गुन्हा करणारा माणूस काही वेगळ्या मातीचा नसतो. त्याच्या डोक्यात अर्थ लावायची जी घाई असते ती वेगळी असते. कुणी धक्का दिला तर दुसरा म्हणतो, गर्दी होती. हा म्हणतो, मुद्दाम दिला. कुणी हसलं तर दुसरा म्हणतो, काहीतरी गंमत असेल. हा म्हणतो, मला हसला. आणि एकदा अर्थ ठरला की बाकीची वाक्यं आपोआप येतात. त्यानंच मला करायला लावलं. फार कुठं लागलं? माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. बाई ही वाक्यं फळ्यावर लिहायच्या आणि आम्ही आपापली ओळखायचो. एकजण म्हणाला होता, मी ढकललं न्हाय, तोच मागं सरला. त्याचं वाक्य वर्षभर फळ्याच्या कोपऱ्यात राहिलं. त्याला त्याचा अभिमानही वाटायला लागला होता.

मी त्या वर्गात पहिला आलो म्हण. माझा मधला रकाना बाईंना फार उपयोगी पडला. 'त्यानं चप्पल म्हटलं असं मला वाटलं.' चुकीचा अर्थ म्हणजे काय, हे सांगायला इतकं नेमकं उदाहरण त्यांना कधी मिळालं नव्हतं. एक शब्द, दोन अर्थ, आणि माणसानं त्यातला वाईट उचलला. सुटल्यावरही त्यांनी मला बोलावलं. सुटायच्या बेतात असलेल्या कैद्यांपुढं बोलायला, कधी त्यांच्या कॉलेजातल्या मुलामुलींपुढं. मी बोलायला लागलो. चांगलं बोलायला लागलो. उलट्या बनियनपाशी आलो की मी थांबायचो, पाणी प्यायचो. तिथं हॉल गप्प होतो हे मला कळलं होतं.

तुझ्या दारात पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो? सुटून महिना झाला होता. वहिनींनी दार उघडलं, बघितलं आणि तसंच लावून घेतलं. मी पायरीखाली उभा राहिलो. अर्ध्या तासानं तू आलास. तुझ्या हातात तुझी चप्पल होती. मला वाटलं, आता ही बसणार, आणि बसू दे. तू ती माझ्या डोळ्यांपुढं धरलीस.

"हे काय?"

"चेप्पू," मी म्हणालो.

मग तू दुसऱ्या हाताचं बोट आपल्या ओठांवर ठेवलंस आणि आवाज न काढता, मागावर बोलायचो तसं, नुसते ओठ हलवलेस. "आणि हे?"

"चेप्पू. सांग."

तू चप्पल खाली टाकलीस, पायात घातलीस. म्हणालास, "आता शिकलास होय बे."

मी मान हलवली. होय म्हणून हलवली.

त्या मानेसाठी मी हे सगळं लिहितोय, अंबादास. कोर्टात खोटं बोललो ते वकिलासाठी होतं, सजा कमी व्हावी म्हणून होतं, ते एक वेळ समजता येईल. तुझ्या दारात मला कोण सजा देणार होतं? तू मला वाट करून दिली होतीस. मी मान हलवली आणि ती वाट बुजवली.

त्यानंतर तू मला आत घेतलंस. वहिनींना पाच वर्षं लागली. पाच वर्षं त्या मला चहा द्यायच्या, पण कप हातात न देता जमिनीवर ठेवायच्या. एक दिवस हातात दिला. तू ते बघितलंस आणि म्हणालास, कप गरम आहे, नाहीतर फेकून मारला असता. तेवढ्यावर विषय संपला. तू मला नावानं हाक मारायचास, महादेव. 'बावा' गेलं ते गेलं. मी कधी मागितलं नाही.

तू कॉलेजात एकदा माझं बोलणं ऐकायला आलास. पहिल्या बाकावर अगदी डाव्या टोकाला बसलास, उजवा कान माझ्याकडं करून. मी बनियनपाशी थांबलो, पाणी प्यायलो. एका मुलीनं डोळे पुसले. मग आपण सात रस्ता चौकातल्या आपल्या टपरीवर चहा प्यायला गेलो. मी वाट बघत होतो की तू चांगलं बोललास म्हणशील.

तू विचारलंस, "समज मी खरंच चप्पल म्हणालो असतो. मग?"

मला प्रश्नच कळला नाही. तू पुन्हा सांगितलंस. "ही सगळी पोरं रडली कारण तू चुकून मारलास. शब्द चुकला म्हणून. म्हणजे शब्द बरोबर असता तर पाना बरोबर होता का?"

मी बाईंचं सगळं तुझ्यापुढं मांडलं. आधी समज, मग राग, मग हात. समज दुरुस्त झाली की हात थांबतो. तू बिस्कीट बुडवत ऐकलंस आणि म्हणालास, "माझ्या समजात काय कमी होतं? तू मला मारलास हे मला कळलं की. चुकीचं नाही कळलं, बरोबर कळलं. आणि पाना माझ्याजवळच पडला होता."

मी म्हणालो, तू शुद्धीवर नव्हतास.

"जरा वेळ होतो," तू म्हणालास. "हात पोचत होता."

हा वाद आपला कधी संपला नाही. मी म्हणायचो, माणसाला विचार करायला शिकवलं तर तो बदलतो, मी बदललो. तू म्हणायचास, बदललास ते दिसतंय, पण कशानं ते तू सांगत नाहीस. वर्षातनं दोन-तीनदा तरी तू तो प्रश्न काढायचास. समज, मी खरंच चप्पल म्हणालो असतो. मी चिडायचो. एकदा म्हणालो, तुला बाईंचं कळत न्हाय. तू म्हणालास, बाईंचं कळतं, तुझं कळत नाही.

आता मधला रकाना खरा भरतो.

मला माहीत होतं. चेप्पू म्हणजे सांग, हे मला माहीत होतं. सहा वर्षं तुमच्यात काढली होती. दिवसातनं वीस वेळा हा शब्द कारखान्यात निघायचा. मालकाला चेप्पू, चहावाल्याला चेप्पू. तुझ्या ओठांवर तो शब्द दिसला तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात 'सांग' हाच अर्थ आला. क्षणभरच असेल, पण आला. हा व्यंकटेशला मला काहीतरी सांगायला लावतोय. आणि त्या क्षणाच्या पाठोपाठ मी तो अर्थ बाजूला ढकलला आणि चप्पल उचलली. कारण मला ती हवी होती. दोन दिवस मी तुझ्यावर राग धरायला कारण शोधत होतो, आणि धागे जोडून देणाऱ्या माणसाचा राग कुठल्या तोंडानं सांगायचा? चप्पल सांगता येते.

म्हणजे बाई बरोबर होत्या. अर्थ मी लावला. पण माझी नजर चुकली नव्हती. दोन अर्थ समोर होते आणि मी निवडला. घाई नव्हती त्यात. तिसऱ्या रकान्यातला हात आधीच वर गेला होता आणि मधला रकाना मी नंतर भरला, त्या हाताला शोभेल असा. हे मी बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी त्यालाही नाव दिलं असतं, आणि ते नाव खरंही असतं. मी सांगितलं नाही, कारण मग मी चुकलेला माणूस राहिलो नसतो. आणि मला त्या चुकलेल्या माणसात राहायची सवय झाली होती. त्याला लोक पाणी देतात.

गेल्या दिवाळीच्या आधी आपण सात रस्त्यावर चालत होतो. संध्याकाळची वेळ, सगळ्या बाजूंनी रिक्षा, हॉर्न, बस. रस्ता ओलांडताना तू माझ्या दंडाला धरायचास, तोल जायचा म्हणून. गडबडीत मी तुझ्या डाव्या बाजूला आलो. आणि मला धीर आला. कसला भेकड धीर. मी पुढं बघत, तुझ्या मेलेल्या कानाला म्हणालो, "अंबादास, मला माहीत होतं. मला तवाच कळलं होतं."

तू चालत राहिलास. दंडावरचा हात तसाच होता. मला वाटलं, झालं, सांगितलं, आणि ऐकलंही नाही. दोन्ही साधलं. इतकं हलकं मला सुटल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

टपरीवर तू बाक ओढलास. मला डाव्या हातानं खूण करून उजव्या बाजूला बसवलंस. कान माझ्याकडं केलास. आणि म्हणालास,

"चेप्पू, बावा."

सांग, बावा. एकोणीस वर्षांनी.

तुझं तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. मी म्हणालो, "काय न्हाय. रिक्षा लई झाल्यात, म्हटलं."

तू कान माझ्याकडं तसाच ठेवलास. मग चहा आला. तू तो बशीत ओतलास आणि म्हणालास, "हां. लई झाल्यात."

त्यानंतर आपण पुष्कळदा भेटलो. तू ना प्रश्न काढलास, ना चेप्पू म्हणालास, ना बावा. मी ठरवत होतो. थंडी संपली की सांगू. पद्माचं बाळंतपण पार पडलं की सांगू. गेल्या महिन्यात तुझ्या छातीत दुखलं तेव्हा म्हटलं, आता आजारी माणसाला कशाला, बरा झाला की सांगू. मग एका सकाळी फोन आला, पद्माच्या नवऱ्याचा. मी आलो तेव्हा तुला बाहेर आणून ठेवलं होतं. गर्दीतनं मला जी जागा मिळाली ती तुझ्या डाव्या बाजूची होती. मी तोंड उघडलंसुद्धा नाही.

आता काल दुपारचं सांगतो. वहिनी पानं कातरत होत्या. पद्मा बाळाला मांडीवर थोपटत होती आणि बाळ झोपायला तयार नव्हतं. ती त्याला म्हणाली, "कता चेप्पना?" गोष्ट सांगू का? आणि मग माझ्याकडं बघून हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणी हसलं.

म्हणाली, "काका, तुम्ही मला विचारायचा ना, कता चेप्पू की पायातली चेप्पू?"

मला काहीच कळेना. ती म्हणाली, मी चार-पाच वर्षांची होते. नान्नाच्या, म्हणजे तुझ्या, मांडीवर बसून कता चेप्पू, कता चेप्पू करायचे, आणि तुम्ही जेवायला आलेला असला की तुमची चप्पल उचलून आणायचा आणि म्हणायचा, घे तुझी चेप्पू, मागत होतीस ना? मी चिडायचे. नान्ना हसून हसून ठसकायचे. "ते नेहमी सांगायचे मला. तुझ्या महादेवकाकानं केलेला जोक म्हणून. मागच्या महिन्यातसुद्धा सांगत होते."

मी हे साफ विसरलो होतो, अंबादास. माणूस काय विसरतो, तेही बघ.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या शब्दाचे दोन अर्थ मला ठाऊक आहेत, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तुझ्याच घरात, तुझ्याच पोरीपुढं मी त्यावर विनोद केला होता. कोर्टात तू 'ते त्यालाच विचारा' म्हणालास. तुला तेव्हा एवढंच सांगावं लागलं असतं की साहेब, हा माझ्या मुलीला यावरनं चिडवायचा. माझी सजा वाढली असती. तू सांगितलं नाहीस. तो डूख नव्हता, तू मला बोलायला जागा ठेवली होतीस. दारात चप्पल धरून 'हे काय, आणि हे' विचारलंस तीही जागाच होती. खरंच चप्पल म्हणालो असतो तर, हा प्रश्नही तोच. आणि सात रस्त्यावर, ज्या माणसानं मला ओठ वाचायला शिकवलं, त्याच्या शेजारी चालत मी समजत होतो की कान मेला म्हणजे झालं.

पुन्हा घाई करतोय का मी? तुझ्या वागण्याला आता चांगलेच अर्थ लावत सुटलोय. कदाचित तुला राग असेल. कदाचित तू मला अडकवून ठेवलं होतंस, मासा गळाला ठेवतात तसं, आणि मजा बघत होतास. मला ठरवता येत नाही, आणि या वेळी मी ठरवणार नाही. दोन्ही अर्थ मधल्या रकान्यात राहू देतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देतो. तू खरंच चप्पल म्हणाला असतास तरी पाना चूकच होता. आणि तू काहीच म्हणाला नसतास, नुसता धागे जोडून निघून गेला असतास, तरी मी त्या आठवड्यात कुठल्यातरी शब्दावर तुला मारलंच असतं.

काल निघताना वहिनींना म्हणालो, मला बोलायचं हाय. त्या म्हणाल्या, सूप ठेवते. मी सगळं सांगितलं. पद्माही होती. वहिनींनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "त्यांना म्हाईत होतं." मग उठून आत गेल्या. चहा आणतील असं वाटलं, पण त्या परत आल्या नाहीत. पद्मानं मला दारापर्यंत सोडलं. तिचं तोंड मला वाचता आलं नाही.

येत्या बुधवारी बाईंनी बोलावलंय, आत, तुरुंगातल्या नव्या माणसांपुढं. त्यांना फोन केला आणि हे सांगितलं. त्या म्हणाल्या, महादेवराव, मग आता काय सांगाल? मी म्हणालो, हेच. पाणी न पिता.

आत्ता हे लिहिताना घरात कुणी नाही. मी कुठल्या बाजूला बसलोय याला अर्थ नाही, तरी वही उजवीकडं सरकवून लिहितोय. त्या दिवशी तुला मला एवढंच सांगायचं होतं की बनियन उलटी आहे. तेवढं सांगायला तुला कोर्टापर्यंत यावं लागलं. मलाही एवढंसंच सांगायचं होतं.

मला कळलं होतं, बावा. तू 'सांग' म्हणत होतास.